गाळातल्या जिवाणूंची यादी हाती आली. पण काम नेमके कोण करते?

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठीचा आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ३० एमएलडी (दिवसाला ३ कोटी लिटर) क्षमतेच्या मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पातील एरेशन टँकमधून, म्हणजे हवा देण्याच्या टाकीतून, आपण तीन महिन्यांत तीन नमुने घेतले आणि त्यांतील डीएनए काढून १६एस जनुकाचे, म्हणजे जिवाणूची ओळख पटवणाऱ्या जनुकाचे, सिक्वेन्सिंग (वाचन) करून घेतले. अहवालात शेकडो नावे आली. त्यांत अमोनियाचे नायट्राइट करणारा नायट्रोसोमोनास केवळ ०.३ टक्के असून नायट्राइटचे नायट्रेट करणारा नायट्रोस्पायरा १.९ टक्के आहे. प्रकल्प मात्र उत्तम चालतो: येणाऱ्या पाण्यात अमोनिया-नायट्रोजन लिटरला ३२ मिलिग्रॅम, तर जाणाऱ्या पाण्यात २ मिलिग्रॅम. इतक्या थोड्या नायट्रोसोमोनासवर हे काम कसे चालते, आणि संगणकाने वर्तवलेली 'कार्ये' तिन्ही नमुन्यांत सारखीच का दिसतात, असे आपण विचारले आहे.

सांडपाण्याच्या आणि डिस्टिलरीच्या प्रकल्पांवर बरीच वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की आपण अभ्यास उलट्या टोकाने सुरू केला. सिक्वेन्सिंगचा अहवाल हा हजेरीपट आहे. टाकीत कोण हजर होते, एवढेच तो सांगतो. त्यांपैकी कोणी काम केले, किती वेगाने केले आणि कोण नुसता सांडपाण्याबरोबर वाहत आला, हे त्यात नसते. कामाचा हिशेब पाण्याच्या रसायनशास्त्रात असतो आणि तो आधी मांडावा लागतो. नावे त्या हिशेबात नंतर बसवायची.

हा केवळ माझा हेका नाही. या क्षेत्राचा इतिहासच तसा आहे. १९१४ साली मँचेस्टरच्या डेव्हीह्यूल्म केंद्रात आर्डर्न आणि लॉकेट यांनी सक्रिय गाळाची पद्धत मांडली, तेव्हा गाळात कोणते जिवाणू आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. हवा किती दिली, अमोनिया किती घटला आणि गाळ किती राखला, एवढ्या नोंदींवर त्यांनी पद्धत उभी केली. (त्यांना दिशा देणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.) पुढची कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत नायट्राइटचे नायट्रेट करणारा जिवाणू म्हणून नायट्रोबॅक्टरचे नाव छापले जात राहिले, कारण प्रयोगशाळेतील माध्यमात भरपूर नायट्राइट घातले की तोच झपाट्याने वाढत असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गाळातील पेशी न वाढवता, जागच्या जागी, ठरावीक जिवाणूलाच चिकटणाऱ्या चमकत्या प्रोबने रंगवून पाहिल्या गेल्या, तेव्हा बहुतेक प्रकल्पांत ते काम नायट्रोस्पायरा करतो असे दिसले. फॉस्फरसच्या बाबतीतही तेच घडले. वाढवून पाहण्याच्या पद्धतीमुळे अ‍ॅसिनेटोबॅक्टरला श्रेय मिळाले होते. प्रत्यक्षात फॉस्फेट साठवणारा मुख्य जिवाणू, ज्याला आज अ‍ॅक्युम्युलिबॅक्टर म्हणतात, तोवर कोणी वेगळा काढलाच नव्हता. दोन्ही वेळा नाव चुकले, पण प्रकल्पाचे आकडेमोडीचे नियम चुकले नाहीत.

याहून बोलकी उदाहरणे उलट दिशेची आहेत. एंगेलबर्ट ब्रोडा यांनी १९७७ मध्ये केवळ ऊर्जेच्या हिशेबावरून लिहिले की प्राणवायूविना, नायट्राइटच्या साहाय्याने अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा जीव निसर्गात असायला हवा. १९९० च्या दशकात डेल्फ्टमधील एका प्रायोगिक रिअ‍ॅक्टरमध्ये अमोनिया 'हिशेबाबाहेर' नाहीसा होऊ लागला आणि त्यातून ही प्राणवायूविना चालणारी प्रक्रिया, अनामॉक्स, सापडली. २००२ मध्ये रॉटरडॅम येथे तिच्यावर आधारित पूर्ण आकाराचा प्रकल्प सुरू झाला. तसेच अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा संपूर्ण प्रवास एकाच पेशीत होणे शक्य आहे आणि असा जीव मंद वाढीच्या, जैवपटलासारख्या ठिकाणी मिळावा, असे भाकीत २००६ मध्ये गणितावरून झाले. २०१५ मध्ये दोन गटांनी तो जीव एकाच वेळी प्रसिद्ध केला, एका गटाने रशियातील खोल विहिरीच्या गरम पाण्याच्या नळावरील पटलातून आणि दुसऱ्याने मत्स्यपालनाच्या टाकीच्या गाळणीतून. तो नायट्रोस्पायराच निघाला. आज त्याला 'कोमामॉक्स' म्हणतात, आणि आपल्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

आता आपले आकडे घेऊ. येणाऱ्या पाण्याचा सीओडी, म्हणजे त्यातील सेंद्रिय द्रव्याचे प्राणवायूच्या गरजेवरून काढलेले माप, आपण लिटरला ३८० मिलिग्रॅम दिला आहे. त्यातील सुमारे ३०० मिलिग्रॅम जैविक रीतीने खाल्ला जातो असे धरू. सेंद्रिय द्रव्य खाणारे जिवाणू दर ग्रॅम सीओडीमागे साधारण ०.४ ग्रॅम नवा गाळ तयार करतात, म्हणजे लिटरमागे १२० मिलिग्रॅम. अमोनियाचे नायट्राइट करणाऱ्यांची कमाई फार तुटपुंजी असते. एक ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ०.१५ ग्रॅम. ३० मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ती होते ४.५ मिलिग्रॅम. म्हणजे इतके सगळे अमोनिया काढणाऱ्या गाळातही हे जिवाणू नव्या वस्तुमानाच्या चार टक्क्यांहून कमीच असणार. शिवाय नायट्रोसोमोनासच्या पेशीत १६एस जनुकाची एकच प्रत असते, तर झपाट्याने वाढणाऱ्या अनेक जिवाणूंत चार, पाच, कधी त्याहून अधिक प्रती असतात. सरासरी चार धरल्या, तर चार टक्के वस्तुमान सिक्वेन्सिंगच्या अहवालात एका टक्क्यासारखे दिसेल. म्हणून ०.३ टक्के पाहून दचकण्याचे कारण नाही. अपेक्षेपेक्षा ते कमी आहे, पण अशक्य नाही.

खरा कुतूहलाचा आकडा दुसरा आहे. नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्यांची कमाई त्याहूनही कमी, एक ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ०.०५ ग्रॅम. वरच्याच हिशेबाने नायट्रोस्पायरा अहवालात ०.३ टक्क्याच्या आसपास दिसायला हवा होता, कारण त्याच्याही पेशीत साधारणतः या जनुकाची एकच प्रत असते. आपल्याकडे तो १.९ टक्के, म्हणजे अपेक्षेच्या सहापट आहे. आणि नायट्रोसोमोनास अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. माझ्या मते आपल्या प्रबंधाचा विषय याच विसंगतीत आहे. शेकडो नावांच्या रंगीत आलेखात तो नाही.

तिचे निदान तीन अर्थ संभवतात. नायट्रोस्पायराची पेशी लहान असते, त्यामुळे तेवढ्याच वस्तुमानात पेशींची संख्या, आणि म्हणून जनुकांची संख्या, अधिक भरते. पण एवढ्याने सहापट फरक पडेल असे मला वाटत नाही. दुसरी शक्यता नायट्राइटच्या फेऱ्याची: गाळाच्या कणाच्या आत, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे इतर जिवाणू नायट्रेटचे पुन्हा नायट्राइट करतात, ते बाहेर येते, नायट्रोस्पायरा त्याचे पुन्हा नायट्रेट करतो आणि त्याच नायट्रोजनवर दोनदा-तीनदा कमाई करतो. तिसरी शक्यता कोमामॉक्सची, म्हणजे आपल्या नायट्रोस्पायरापैकी काही स्वतःच अमोनियापासून सुरुवात करत असतील. आपल्या अहवालावरून दुसरी आणि तिसरी शक्यता वेगळी करता येणार नाही, कारण कोमामॉक्स करणारा आणि न करणारा नायट्रोस्पायरा १६एस जनुकावरून ओळखता येत नाहीत. अहवाल देणाऱ्या कंपनीला कितीही ईमेल केले तरी उपयोग नाही. ती माहिती त्या जनुकातच नाही.

यापुढे प्रयोग करावा लागतो, आणि सुदैवाने तो स्वस्त आहे. त्याआधी मात्र प्रकल्पाच्या नोंदवहीतून एक हिशेब करावा. आपण अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) येताना लिटरला ३०० मिलिग्रॅम आणि जाताना १५० अशी दिली आहे. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना ७.१४ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते, म्हणून ३० मिलिग्रॅमला २१४ खर्च व्हायला हवी होती. प्रत्यक्षात घटली १५०. उरलेली ६४ कोठून तरी परत आली, आणि ती परत करणारी नेहमीची प्रक्रिया म्हणजे नायट्रेटचा वायू होणे, ज्यात एका मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ३.५७ मिळते. भागाकार केला तर १८ मिलिग्रॅम नायट्रोजन वायुरूपाने उडून जातो असे निघते. आपण नायट्रेट मोजलेले नाही. ते मोजले तर जाणाऱ्या पाण्यात १२ च्या आसपास मिळेल असा माझा अंदाज आहे. सेंद्रिय नायट्रोजन सुटल्यामुळे आणि गाळात बांधला गेल्यामुळे हा आकडा थोडा हलेल, पण तो ३० कडे जाऊ लागला तर माझा सगळा तर्क बाजूला ठेवावा. तो १२ च्या जवळ आला तर आपल्या 'पूर्ण हवेशीर' टाकीत प्राणवायूविना चालणारे कामही मोठ्या प्रमाणात होत आहे, आणि नायट्राइटच्या फेऱ्याला पोषक स्थिती तिथे आहे, असे धरता येईल.

मग वेगाची चाचणी. टाकीतून पाच-सहा लिटर ताजा गाळ घ्यावा, तो तासाभरात प्रयोगशाळेत आणावा आणि आधी हवा देऊन त्यातील उरलेला अमोनिया संपू द्यावा. नंतर त्याचे समान भाग करून एकात अमोनियम क्लोराइड, दुसऱ्यात सोडियम नायट्राइट घालावे, आणि तिसऱ्यात अमोनियासोबत अलाइलथायोयुरिया घालावा, जो अमोनियाचे ऑक्सिडीकरण थांबवतो. तापमान टाकीचेच ठेवावे, पीएच ७ ते ८ च्या दरम्यान राखावा, विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये, आणि दर पंधरा मिनिटांनी नमुना गाळून अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजावे. वेग नेहमी दर ग्रॅम व्हीएसएसमागे (गाळातील सेंद्रिय घन भागामागे) दर तासाला असा मांडावा. तसे न केल्यास दोन दिवसांची तुलना करता येत नाही. नायट्राइट खाण्याचा कमाल वेग अमोनिया खाण्याच्या वेगापेक्षा कितीतरी अधिक निघाला, तर नायट्राइटच्या फेऱ्याकडे बोट जाते. दोन्ही वेग जवळजवळ सारखे निघाले आणि नायट्रोस्पायरा तरीही मुबलक असेल, तर कोमामॉक्सचा संशय बळावतो. तेव्हा अमोनिया मोनोऑक्सिजनेज या विकराच्या जनुकाची, कोमामॉक्ससाठी बनवलेल्या प्रायमरने (नेमके तेच जनुक पकडणाऱ्या डीएनएच्या तुकड्याने), मात्रात्मक पीसीआर चाचणी, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी, करावी. तिसऱ्या भागावरून नायट्रोसोमोनास की कोमामॉक्स, अशी निवड करता येणार नाही, कारण अलाइलथायोयुरिया दोघांनाही रोखतो. तो भाग केवळ अमोनिया नेमक्या या वाटेनेच जातो आहे याची खात्री करून देतो.

टाकीचा आकारही लिहून पाठवा. कोमामॉक्सचा जो जीव शुद्ध स्वरूपात वाढवला गेला, त्याची अत्यल्प अमोनिया पकडण्याची क्षमता विलक्षण असल्याचे २०१७ मध्ये मोजले गेले. टाकी पूर्ण मिसळणारी असेल तर तिच्यात सर्वत्र २ मिलिग्रॅमच अमोनिया असतो आणि अशा काटकसरी जीवाला ते सोयीचे आहे. लांबट, एका टोकाकडून दुसरीकडे वाहणारी टाकी असेल तर पहिल्या भागात अमोनियाची रेलचेल असते आणि नायट्रोसोमोनासला संधी मिळते. गाळाचे वय, म्हणजे गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो ते, आपण १२ दिवस सांगितले आहे. आपल्याकडच्या २८ अंशांच्या पाण्यात एवढे वय मंदगती जिवाणूंना भरपूर आहे.

संगणकाने वर्तवलेल्या कार्यांबद्दल मी थोडा कठोर आहे. ही पद्धत नावावरून जवळच्या नातेवाइकाचा जनुकसंच शोधते आणि तोच याच्याकडेही असेल असे गृहीत धरते. आडनाव पाहून व्यवसाय ठरवण्यासारखाच हा प्रकार आहे. नायट्रोस्पायराचे उदाहरण वर आलेच. अ‍ॅक्युम्युलिबॅक्टरच्या उपशाखांमध्येही नायट्रेट वापरण्याची क्षमता एकसारखी नाही. शिवाय 'नायट्रोजन चयापचय' यासारख्या ढोबळ सदरात जवळजवळ प्रत्येक जिवाणूचे काही ना काही जनुक मोडते, म्हणून तिन्ही नमुन्यांत स्तंभ सारखेच दिसले. त्यातून स्थैर्य सिद्ध होत नाही. तो आलेख प्रबंधातून काढून टाकावा, असे मी आपल्या मार्गदर्शकांनाही सांगेन.

मेटाजीनोम, म्हणजे गाळातील सगळ्या डीएनएचे वाचन, याहून पुष्कळ विश्वासार्ह असते, पण तेही क्षमताच सांगते. आरएनए मोजले तर काम कळेल असा पुष्कळांचा समज असतो. तिथे अडचण अशी की संदेशवाहक आरएनए मिनिटांत बदलते. नमुना बाटलीत भरून जीपमधून आणेपर्यंत प्राणवायू संपलेला असतो आणि आपण टाकीचे नव्हे, जीपमधल्या बाटलीचे जीवशास्त्र वाचतो. नमुना टाकीच्या काठावरच गोठवण्याची सोय नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. उलट अमोनिया खाणारे जिवाणू उपाशी असतानाही आपले रायबोसोम बराच काळ सांभाळून ठेवतात, त्यामुळे रायबोसोमच्या आरएनएवरूनही 'जागा आहे की झोपला आहे' हे नीट ठरत नाही. ज्यांच्याकडे साधने आहेत ते कार्बन किंवा नायट्रोजनचे जड समस्थानिक घातलेले खाद्य देऊन ते कोणाच्या पेशीत शिरले हे पाहतात. नाव आणि काम एकाच पेशीत जोडणारा हा सर्वांत थेट पुरावा आहे, पण एम.एस्सी.च्या वर्षभरात मी तो सुचवणार नाही.

वाहत आलेल्या जिवाणूंचा मुद्दा मात्र आपल्याला सहज तपासता येईल. गटारातून येणाऱ्या पाण्यातही जिवाणू खच्चून भरलेले असतात; आर्कोबॅक्टरसारखे काही तर गटारांच्या जाळ्यातच वाढतात. ते टाकीत येतात, काही काळ दिसतात आणि निकामी होतात. येणाऱ्या पाण्याचाही एक नमुना सिक्वेन्स करावा. एखादे नाव आत किती येते, टाकीत किती आहे आणि टाकून दिलेल्या गाळातून किती बाहेर जाते, हा जमाखर्च मांडला की त्याची टाकीत निव्वळ वाढ होते की घट, हे कळते. घट होत असलेल्यांना यादीतून वगळले की शेकडो नावे बऱ्यापैकी आटोक्यात येतात. डेन्मार्कमधील आल्बोर्गच्या गटाने हा विचार चांगला वापरला आहे; त्यांचा मिडास हा नामसंग्रह गाळातील जिवाणूंसाठीच बनवलेला असल्याने नावे लावताना सर्वसाधारण संग्रहाऐवजी तोच वापरावा.

नमुन्यांची संख्या तीन आहे, आणि त्यावर सहसंबंधाचे तक्ते काढलेले दिसतात. ते चालणार नाहीत. गाळाचे वय १२ दिवस म्हणजे टाकीतील वस्ती साधारण तेवढ्या काळात बदलते. रोज नमुना घेतला तर कालचेच आज मोजले जाते आणि महिन्याने घेतला तर मधले सगळे निसटते. आठवड्याला एक, असे किमान तीन-चार गाळवये, म्हणजे दीड महिना, आणि प्रत्येक वेळी डीएनए काढण्यापासूनच वेगवेगळ्या तीन प्रती, एवढे तरी हवे. डीएनए काढताना काचेच्या मण्यांनी पुरेसे कुटावे. जाड भिंतीच्या पेशी फुटल्या नाहीत तर त्या जिवाणूंची हजेरीच लागत नाही. आणि कृपया सूक्ष्मदर्शक वापरावा. गाळ बसत नसेल, एसव्हीआय (गाळ किती फुगून बसतो याचा निर्देशांक) १५० च्या वर जात असेल, तर तंतुमय जिवाणू कोणते आहेत हे दहा मिनिटांत दिसते. आपल्याकडे लांबच्या गटारांतून येणारे पाणी सडलेले, सल्फाइडयुक्त असते, तेव्हा थायोथ्रिक्ससारखे तंतू पेशीत गंधकाचे चमकते कण घेऊनच समोर येतात. ते पाहायला सिक्वेन्सिंग लागत नाही.

टक्केवारी आणि महत्त्व यांचा संबंध किती सैल असतो, हे मला डिस्टिलरीच्या डायजेस्टरवर, म्हणजे सांडपाण्यापासून मिथेन वायू बनवणाऱ्या बंद टाकीवर, शिकायला मिळाले. गाळप हंगामाच्या सुरुवातीला एका डायजेस्टरला, महिनोन्‌महिने बंद राहिल्यावर, स्पेंट वॉशचा (डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा) भार घाईने वाढवला गेला. आम्ही उत्साहाने नमुने सिक्वेन्सिंगला पाठवले. अहवाल येईपर्यंत डायजेस्टर आंबून गॅस बंद झाला होता, आणि अहवालात मिथेनजनक सूक्ष्मजीवांचे प्रमाण आधीइतकेच होते. मेलेल्या वा निष्क्रिय पेशींचे डीएनए लगेच नाहीसे होत नाही. साध्या ब्युरेटवरच्या चाचणीत मात्र आम्लांचे अल्कलिनिटीशी गुणोत्तर पहिल्याच आठवड्यात ०.३ च्या वर गेले होते, आणि पाठोपाठ प्रोपिऑनेट हे मधल्या टप्प्यावरचे आम्ल चढत होते. प्रोपिऑनेट फोडणारे जिवाणू संख्येने नेहमीच नगण्य असतात. प्रमाणित स्थितीत ती अभिक्रिया मोलमागे ७६ किलोज्यूल ऊर्जा मागते. हायड्रोजनचा दाब वातावरणाच्या दहा-हजाराव्या हिश्श्याखाली ठेवणारा मिथेनजनक शेजारी असला तरच ती फायद्याची होते. शेजाऱ्याने हायड्रोजन उचलणे थांबवले की हा संसार मोडतो, आणि यादीत दोघांची नावे जशीच्या तशी राहतात.

याच्या उलट बाजूही आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ग्लुकोजवर चालणारा मिथेनचा रिअ‍ॅक्टर ६०५ दिवस स्थिर चालला, पण आतली वस्ती सतत बदलत होती. साखर आंबवणारे पुष्कळ असतात. एक गेला तर दुसरा जागा घेतो. अमोनियाचे काम करणारे मोजके, म्हणून तिथे वस्ती हलली की काम हलते. आपण नेमके दुसऱ्या प्रकारच्या कामावर अभ्यास करत आहात, त्यामुळे सगळ्या समूहाच्या विविधतेचे निर्देशांक काढण्यात वेळ घालवू नये. त्यांतील बदल बहुतांशी साखर आणि मेद खाणाऱ्यांचे असतील.

पुढचा क्रम मी असा ठेवीन: या आठवड्यात नायट्रेट आणि एकूण नायट्रोजन मोजून जमाखर्च पुरा करावा, पुढच्या दोन आठवड्यांत वेगाच्या चाचण्या तीन वेळा कराव्यात, आणि त्यांचे आकडे हाती आल्यावरच पीसीआरचा खर्च करावा. पहिल्या तीन नमुन्यांचा उरलेला डीएनए उणे ८० अंशांत छोट्या-छोट्या नळ्यांत वाटून ठेवावा, म्हणजे प्रत्येक वेळी सगळा वितळवावा लागणार नाही. कोमामॉक्सच्या जनुकाची चाचणी त्यांच्यावरही करता येईल. नायट्रेटचा आकडा आला की कळवा. तो १२ पासून फार दूर असेल तर विसंगतीचा विचार आपल्याला नव्याने करावा लागेल.